बारा शिपिंग बिलं आणि पहाटेचे साडेतीन

पत्र, थोडक्यात: मी ३७ वर्षांची. ठाण्यात मानपाड्याला राहते. सीबीडी बेलापूरच्या एका कस्टम्स क्लिअरिंग फर्ममध्ये १२ वर्षं डॉक्युमेंटेशनला आहे. पूर्वी आम्ही पाच जण दिवसाला साधारण ४० शिपिंग बिलं (निर्यातीच्या मालाचे कस्टम्सकडे भरायचे कागद) करायचो, माणशी आठ. आठ महिन्यांपूर्वी दोघं सोडून गेले आणि त्यांच्या जागी एकच नवा मुलगा आला. तो चार करतो, तीही मलाच तपासावी लागतात. मी आता रोज बारा करते, एकाला ३५ मिनिटं लागतात. साडेनऊ ते आठ, आठवड्याचे सहा दिवस. वर पार्ट्यांचे, म्हणजे ग्राहक कंपन्यांचे, १४ व्हॉट्सॲप ग्रुप, रात्री अकरापर्यंत. पहाटे साडेतीनला जाग येते ती येतेच. जबडा दुखतो, चार महिने रोज ॲसिडिटीची गोळी चालू आहे, डोकं दुखलं की पेनकिलर, दिवसाला सहा चहा. गेल्या महिन्यात एका बिलात कंटेनर नंबर चुकला, तेव्हापासून प्रत्येक बिल चार-चारदा बघते. परवा लोकलमध्ये उगाचच रडू आलं. गणपतीत पाच दिवस गावी होते. तिसऱ्या दिवसापासून मस्त झोप लागली, निघायच्या आदल्या संध्याकाळी पुन्हा छातीत जळजळ. मेडिटेशनचं ॲप महिनाभर केलं, फरक नाही. साहेब म्हणतात, 'ताण सगळ्यांनाच असतो, तू फार मनाला लावून घेतेस.' मिस्टर म्हणतात, 'सोड ना नोकरी.' बारा वर्षं जमलं, मग आताच का जमत नाही? मी कमकुवत झालेय का? नोकरी सोडू, की सहन करायला शिकू? पाचवीतला मुलगा रोज दार उघडताना विचारतो, 'आई, आज तू रागावलीयस का?'

---

ताई,

तुम्ही स्वतःबद्दल जे विचारलंय त्याच्या आधी तुम्हीच दिलेले आकडे मांडून बघू. आठ बिलं गुणिले ३५ मिनिटं म्हणजे २८० मिनिटं, चार तास चाळीस मिनिटं. दिवसाचा उरलेला वेळ पार्टीचे फोन, चेकलिस्ट (बिलाचा कच्चा मसुदा) मंजूर करून घेणं, कस्टम्सची क्वेरी आली तर तिला उत्तर आणि जेवण यासाठी असायचा. आता बारा गुणिले ३५ म्हणजे सरळ सात तास. नव्या मुलाच्या चार बिलांना प्रत्येकी १५ मिनिटं धरली तरी आणखी एक तास. झाले आठ. फोन, क्वेरी आणि डबा अजून बाकीच आहेत. तुम्हाला आठ वाजतात ते या हिशोबाने वाजतात, तुमचा वेग कमी झाला म्हणून वाजत नाहीत. तुमच्या वाट्याचं काम दीडपट झालंय आणि त्यावर एका शिकाऊ माणसाची जबाबदारी आलीय. 'बारा वर्षं जमलं, मग आताच का नाही' हा प्रश्न तुम्ही स्वतःच्या स्वभावाला विचारत बसलात. तो कामाच्या वाटणीला विचारायचा होता.

साहेबांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. ताण सगळ्यांनाच असतो आणि थोडा असावाही लागतो. कट-ऑफ (माल जहाजासाठी स्वीकारण्याची शेवटची वेळ) जवळ आला की हात भराभर चालतात, नजर धारदार होते, काम संपलं की शरीर पुन्हा सैल पडतं. हा ताण बाधत नाही. बाधतो तो न उतरणारा. आणि तो कोणत्या कामात उतरत नाही, याचा अभ्यास झालेला आहे. कामाच्या ताणाचे अभ्यासक रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ साली एक मांडणी केली. कामाची मागणी मोठी असली तरी ते काम कधी, कसं, कोणत्या क्रमाने करायचं हे माणसाच्या हातात असेल तर तो टिकून राहतो. मागणी मोठी आणि हातात काही नाही, हे मिश्रण सर्वात वाईट.

तुमचं टेबल नेमकं असंच आहे. इन्व्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट पार्टी पाठवणार, तीही संध्याकाळी सहाला. चेकलिस्टवर 'ओके' पार्टीच देणार, मधेच वजन बदलणार. कट-ऑफ शिपिंग लाइन ठरवणार. सिस्टिम मंद चालली तर ते तुमच्या हातात नाही. पण कंटेनर न्हावा शेव्याच्या बंदरात शटआउट झाला, म्हणजे जहाजावर चढायचा राहिला, तर फोन तुम्हाला. साखळीतल्या सगळ्यांचा उशीर शेवटी तुमच्या खुर्चीत येऊन साचतो. अशा जागी बसलेल्या माणसाला 'मनाला लावून घेऊ नकोस' सांगणं म्हणजे गळक्या छपराखाली बसलेल्याला अंग पुसायला सांगणं.

आता गणपतीचे पाच दिवस. तुमच्या पत्रातली ही ओळ मला सर्वात महत्त्वाची वाटली, कारण तिथे तुमच्या शरीराने चाचणीच करून दाखवलीय. कामापासून लांब गेल्यावर तिसऱ्या दिवशी झोप परतली. म्हणजे विश्रांती मिळाली तर सावरायची ताकद शाबूत आहे आणि दुखण्याचा धागा कामाशी बांधलेला आहे. सुट्टीतही झोप आली नसती, मुलात-माहेरात मन रमलं नसतं, भूक मेली असती, तर मी हे उत्तर इथेच थांबवून तुम्हाला आधी डॉक्टरकडे पाठवलं असतं. हा फरक तुमच्यासारख्या प्रत्येकाने स्वतःपुरता बघावा. ताण सुट्टीत उतरतो. आजाराला सुट्टी कळत नाही. मधली अवस्था म्हणजे बर्नआउट. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या वर्गीकरणात तो आजार म्हणून मोजलेला नाही, कामाच्या जागी साचलेल्या ताणातून येणारी अवस्था म्हणून नोंदलेला आहे. त्याच्या तीन खुणा दिल्यात: शीण न जाणं, कामाबद्दल तुटलेपण किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटू लागणं. पहिली आणि तिसरी तुमच्या पत्रात दिसते. दुसरी दिसत नाही. चार-चारदा तपासणारा माणूस कामाबद्दल बेफिकीर झालेला नसतो.

आधी शरीर

साडेतीनची जाग गूढ नाही. उत्तररात्री झोप तशीही हलकी होते आणि सकाळच्या तयारीसाठी शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक हळूहळू वाढू लागतं. दिवसभर सावध राहिलेला मेंदू त्या वेळी जरासं निमित्त मिळालं की जागा होतो आणि लगेच उद्याची बिलं मोजायला लागतो. त्या वेळी घड्याळ बघू नका, कारण 'आता दोनच तास उरले' हा हिशोब सुरू झाला की झोप गेलीच. फोन तर नकोच. वीसेक मिनिटांत डोळा लागला नाही असं वाटलं तर उठा, मंद दिव्यात काहीतरी रटाळ वाचा, पेंग आली की परत आडव्या व्हा. सकाळी उठायची वेळ रविवारीही बदलू नका. रविवारी दहापर्यंत झोपलात की रविवारची रात्र बिघडते आणि सोमवार आधीच हरलेला उगवतो.

चहा दिवसाला दोन-तीन वर आणा आणि शेवटचा दुपारी दोनच्या आत. कॅफीन अर्धं उतरायलाच साधारण पाच तास घेतं. संध्याकाळी सहाचा कटिंग रात्री अकरालाही साधारण अर्धा अंगात असतो. सहावरून एकदम दोनवर मात्र येऊ नका, डोकं ठणकेल आणि पेनकिलर वाढेल. दर तीन-चार दिवसांनी एक कप कमी करा.

गोळ्यांची मला काळजी वाटते. ॲसिडिटीची गोळी डॉक्टरला न विचारता चार महिने रोज घेणं बरोबर नाही. त्यात रिकाम्या पोटी पेनकिलर घेतली की ती स्वतःच जठराला त्रास देऊ शकते. मग जळजळ, मग पुन्हा गोळी, असं चक्र लागतं. याच आठवड्यात फॅमिली डॉक्टरकडे जा. रक्तदाब, हिमोग्लोबिन, थायरॉइडसाठी टीएसएच, बी-१२ आणि साखर यांबद्दल विचारा. पंडुरोग आणि थायरॉइडचा बिघाड बायकांमध्ये बराच आढळतो आणि दोन्हींत थकवा, चिडचिड, विसराळूपणा अगदी ताणासारखाच दिसतो. आठ महिने ताण समजून जे सोसलं, त्यातलं निम्मं पंडुरोगामुळे होतं, असंही निघू शकतं.

जबडा सकाळी उठल्यावर जास्त दुखत असेल तर रात्री दात आवळले जात असावेत. दाताचे डॉक्टर झिजेच्या खुणा बघून सांगतील, गरज पडली तर रात्री घालायचा गार्ड देतील. दिवसा एक सवय लावा. प्रत्येक बिल फाइल केल्यावर जीभ वरच्या पुढच्या दातांच्या मागे टाळूला टेकवायची. जीभ तिथे ठेवून दात एकमेकांपासून सुटे ठेवायचे. पण जबड्याचं किंवा पाठीचं दुखणं स्टेशनचा जिना चढताना वाढत असेल, सोबत दम लागणं, घाम, मळमळ असेल, तर ते ताणाच्या खात्यावर टाकू नका. बायकांमध्ये हृदयविकार असाही बोलतो. थेट हॉस्पिटल गाठा, किंवा १०८ ला फोन करा.

मेडिटेशनच्या ॲपने फरक पडला नाही, यात तुमचं काही चुकलं नाही. दिवस आधीच कामाने भरलेला असताना त्यात आणखी एक 'करायची गोष्ट' घातली गेली. श्वासाचा उपयोग आहे, पण मर्यादित. तो शरीराचा भोंगा बंद करतो, बिलांची संख्या कमी करत नाही. तेवढ्यापुरता वापरायचा असेल तर चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर. मिनिटाला सहा श्वास होतात. लांब उच्छ्वासाने नाडी जरा मंदावते. पार्टीचा चढ्या आवाजातला फोन ठेवल्यावर दोन मिनिटं एवढं केलंत तरी पुढचं बिल थरथरत्या हाताने भरावं लागणार नाही.

चार-चारदा तपासण्याबद्दल

इथे जरा थांबते, कारण हीच गोष्ट तुमचा सर्वात जास्त वेळ खातेय. पुन्हा पुन्हा तपासल्याने खात्री वाढत नाही. उलट प्रत्येक फेरीनंतर आठवण पुसट होत जाते, 'बघितलं का मघाशी?' ही शंका वाढते आणि पाचवी फेरी हवीशी वाटते. शिवाय चारही वेळा तोच डोळा तोच मजकूर त्याच क्रमाने वाचतो, त्यामुळे एकदा निसटलेली चूक चारदा निसटते.

त्याऐवजी तपासणी डोळ्यांकडून काढून यंत्राकडे द्या. कंटेनर नंबर ११ जागांचा असतो: चार अक्षरं, सहा अंक आणि शेवटचा एक तपासणी अंक. आधीच्या दहा जागांवरच्या अक्षरांना आणि अंकांना ठरलेल्या किमती असतात. त्या जागेनुसार १, २, ४, ८ अशा दुपटीने गुणायच्या, बेरजेला ११ ने भागायचं, उरलेली बाकी म्हणजे शेवटचा अंक. बाकी १० आली तर शून्य. एक्सेलमध्ये हे सूत्र एकदा बसवलं की नंबर टाकताच 'बरोबर' किंवा 'चूक' दिसतं. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय आधीच असेल तर तिचा इशारा कोणी न बघता पुढे ढकलत नाही ना, तेवढं पाहा. यात एक चूक पकडली जात नाही, ती लक्षात ठेवा: जुन्या बिलावरून कॉपी केलेला दुसऱ्या कंटेनरचा नंबर. तोही नियमाने 'बरोबर'च येतो. म्हणून जुनं बिल उघडून त्यावर नवं लिहायची सवय बंद करा, आणि नंबर कंटेनरच्या दाराच्या फोटोशी ताडा.

बाकीच्या रकान्यांसाठी सात ओळींची पट्टी मॉनिटरला चिकटवा: आयईसी (पार्टीचा आयात-निर्यात क्रमांक), मालाच्या प्रकाराचा आठ अंकी एचएस कोड, इन्व्हॉइसचं चलन आणि रक्कम, निव्वळ आणि एकूण वजन, पोर्टचा कोड, कंटेनर आणि सील नंबर, निर्यात योजनेचा कोड. एकदाच, खालून वर, ओठ हलवत वाचायचं आणि प्रत्येक ओळीवर पेन्सिलीची टिक करायची. खालून वर यासाठी, की सवयीचा क्रम मोडला की डोळा खरंच वाचतो. टिक झाली की बिल बंद. मधेच फोन आला तर ज्या ओळीवर होतात ती ओळ पुन्हा पहिल्यापासून. चुका बहुतेक या फोननंतरच्या जागीच होतात. पहिले दोन-तीन दिवस दुसरी फेरी मारायची ओढ लागेल, पोटात कालवेल. ती ओढ हळूहळू उतरते, पुढच्या बिलाला लागा.

दहा दिवसांची वही

साहेबांशी बोलण्याआधी पुरावा हवा, आणि तो आधी तुमच्यासाठी हवा. खिशात मावेल अशी वही घ्या. कामाचे दहा दिवस, रोज तीन वेळा: सकाळी अकरा, दुपारी चार, घरी पोहोचल्यावर. प्रत्येक वेळी एकच ओळ. काय चाललं होतं, शरीरात काय जाणवलं, ताण दहापैकी किती, आणि ती गोष्ट कोणाच्या हातात होती. उदाहरणार्थ: 'दुपारी ४, पार्टीने वजन तिसऱ्यांदा बदललं, जबडा, ८, पार्टी.' शिवाय रोजचे तीन आकडे: किती बिलं झाली, चारनंतर किती पार्ट्यांचे कागद आले, रात्री नऊनंतर किती मेसेजना उत्तर दिलं. ऑफिसच्या लॅपटॉपवर हे लिहू नका. कोणाला दोष देणारी विशेषणंही टाळा, वही उद्या दुसऱ्याच्या हातात पडली तरी तुम्हाला खाली बघावं लागू नये.

दहा दिवसांनी ताण सातच्या वर असलेल्या ओळी वेगळ्या काढा आणि त्यांच्यापुढे कोणाचं नाव जास्त येतं ते मोजा. १४ पैकी तीन-चार पार्ट्याच निम्मा ताण देतायत असं निघालं तर मला नवल वाटणार नाही. 'कामाचा ताण' या मोठ्या गाठोड्याशी कोणाला लढता येत नाही, चार पार्ट्यांशी येतं.

साहेबांशी बोलताना

कट-ऑफची गर्दी नसलेला दिवस निवडा, सकाळची वेळ. मार्चअखेर नको, आणि चूक झाली त्याच दिवशी तर नकोच. उभ्याउभ्या बोलू नका. 'सर, मला वीस मिनिटं हवीत, आठ महिन्यांचे आकडे दाखवायचेत,' असं सांगून वेळ ठरवा. सोबत एकच कागद न्या. त्यावर पाच जण-चाळीस बिलं, आता चार जण-चाळीस बिलं, तुमचे आठाचे बारा कसे झाले, मिनिटांचा हिशोब, आणि वहीतले तीन आकडे.

'मला खूप ताण येतो' इथून सुरुवात केलीत तर चर्चा तुमच्या स्वभावावर जाईल, आणि ती वाट साहेबांना पाठ आहे. 'बाराव्या बिलाला माझ्याकडे तपासायला वेळ उरत नाही, गेल्या महिन्याची चूक त्यातली' इथून करा. हे त्यांच्या पैशाचं आहे. कंटेनर शटआउट झाला तर भुर्दंड कोणाचा यावर पार्टीशी भांडण. आयातीच्या बाजूला तर बिल ऑफ एंट्री (आयात मालाचं कस्टम्सकडे भरायचं बिल) उशिरा भरलं की पहिले तीन दिवस रोज ५,००० रुपये आणि पुढे रोज १०,००० रुपये आकार लागतो. एका दमलेल्या टेबलाची किंमत एका नव्या पगारापेक्षा जास्त होऊ शकते, हे साहेबांना समजावून सांगावं लागणार नाही.

मागायचं ते ठरवून, क्रमाने. पहिलं: अनुभवी माणूस कोणत्या तारखेपर्यंत येणार, आणि तोवर माझी मर्यादा दिवसाला नऊ बिलं. उरलेल्यांचं काय करायचं हे फर्मने ठरवायचं. दुसरं: सगळ्या पार्ट्यांना फर्मच्या नावाने एक मेल, की पूर्ण कागद दुपारी चारपर्यंत आले तर त्या दिवशी, नंतर आले तर दुसऱ्या दिवशी सकाळी. तातडीचं असेल तर साहेबांना फोन. हा मेल तुमच्या सहीने गेला तर पार्टी ऐकणार नाही, त्यांच्या सहीने गेला पाहिजे. तिसरं: रात्रीची पाळी.

रात्रीच्या पाळीबद्दल थोडं जास्त सांगते. 'ऑफिस सुटल्यावर फोन बंद करा' हा सल्ला तुमच्या धंद्यात चालत नाही. बंदर चोवीस तास चालतं, गाडी रात्री गेटवर अडकते. पण म्हणून चारही जणांनी चौदा ग्रुपवर अकरापर्यंत जागं राहायची गरज नाही. आठवड्याला एक जण, आळीपाळीने. बाकीच्यांचे ग्रुप म्यूट. पाळीवाल्याने फक्त तेच बघायचं ज्याचा कट-ऑफ दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत आहे, बाकीच्यांना 'उद्या बघतो' एवढं उत्तर. नव्या मुलाला पहिले दोन महिने पाळीत धरू नका, नाहीतर त्याची रात्रही तुमच्याकडेच येईल. त्याच्या चुकांची यादी दोन आठवडे ठेवा. तो बहुधा त्याच दोन-तीन रकान्यांत चुकत असेल. तेवढे रकाने शिकवा आणि पुढे तेवढेच तपासा, पंधरा मिनिटांची पाच होतील.

बोलणं झाल्यावर त्याच दिवशी चार ओळींचा मेल टाका: काय ठरलं, कधीपर्यंत. तीन आठवड्यांनी पुन्हा वेळ मागा. तब्येतीचं किती सांगायचं हे तुमच्या हातात आहे. 'झोपेवर परिणाम झालाय, डॉक्टर चालू आहेत' एवढं पुरतं.

कायद्याचं थोडक्यात. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आठवड्याची मर्यादा ४८ तासांची आहे, जादा कामाला दुप्पट दर आहे आणि वर्षाला आठ नैमित्तिक रजा आहेत. वर्षात २४० दिवस भरले की दर वीस दिवसांमागे एक भरपगारी रजा मिळते, ती ४५ पर्यंत साठते. व्यवस्थापकीय पदांना हे नियम लागू होत नाहीत, म्हणून नेमणूकपत्रात तुमचं पद काय लिहिलंय ते बघा. तुमचे तास आठवड्याला ६३ होतात. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तासवाल्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका ३५ टक्के जास्त आढळला. हा आकडा साहेबांपेक्षा तुमच्या मिस्टरांना दाखवा. साठलेल्या रजेतून चार-पाच दिवस जरूर घ्या, पण बोलणी झाल्यावर. आधी घेतलीत तर परतल्यावर तोच ढीग तेवढाच वाढून समोर असेल.

घरी येताना, आणि डॉक्टरांबद्दल

निघण्याआधी दहा मिनिटं राखून तीन ओळी लिहा: काय उरलं, ते कोणाकडे अडकलंय, उद्या पहिला फोन कोणाला. कागदावर उतरलेलं काम डोक्यात कमी घोळतं. मग बेलापूरला गाडीत बसल्यावर तुर्भ्यापर्यंत फोन पर्समध्ये. जुईनगर-तुर्भे होईपर्यंतचा वेळ तुमचा झाला. डोळे मिटा, खिडकी बघा, शेजारणीशी बोला. रडू आलं तर येऊ द्या. दिवसभर आवळून धरलेलं शरीर बसायला जागा मिळाली की सुटतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

तरीही दोन आठवडे सलग उदास वाटलं, कशातच गोडी वाटली नाही, किंवा 'मी नसते तर बरं' असा विचार एकदाही डोकावला, तर वही, साहेब, पाळी सगळं बाजूला ठेवा. टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६. चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं. डॉक्टरकडे पीएचक्यू-९ ही नैराश्याची नऊ प्रश्नांची चाचणी मिळते, २७ पैकी १० किंवा जास्त आले तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. औषधं मानसोपचारतज्ज्ञ देतात. मानसशास्त्रज्ञ बोलून उपचार करतात. अनेकांना दोन्ही लागतात. आपल्याकडे 'ठाण्याला पाठवा' ही थट्टा पिढ्यान्‌पिढ्या चाललीय, आणि त्या थट्टेने किती जणांना दारातून परत फिरवलं असेल याचं मला मनापासून वाईट वाटतं. ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासून माणसं बरी करतंय. तिथल्या बाह्यरुग्ण विभागात झोप उडालेली, धास्ती बसलेली, नोकरी करणारी माणसंही येतात आणि औषध घेऊन घरी जातात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचारांची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिलाय, आणि आरोग्य विम्यात मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरायला सांगितलंय.

आता 'सोड ना नोकरी'. मिस्टर काळजीनेच म्हणत असतील. पण ही नोकरी तुमच्या १२ वर्षांच्या कौशल्याची आहे, घरात बाजूला काढता येण्यासारखी वस्तू नाही. सोडायचीच वेळ आली तर ती निवांतपणे, दिवसाउजेडी ठरवा, पहाटे साडेतीनला किंवा चूक झालेल्या आठवड्यात नको. दहा आठवड्यांची तारीख कॅलेंडरवर लिहा. दोन आठवडे वहीचे, एक बोलण्याचा, बाकीचे बदल होतोय का ते बघण्याचे. दरम्यान घरखर्च आणि हप्ते मिळून सहा महिन्यांची रक्कम बाजूला आहे का, नोटीस ३० दिवसांची आहे की ९० ची, हे बघून ठेवा. तारखेला काही हललं नसेल तर हातात नोकरी असतानाच दुसरी शोधा. डॉक्युमेंटेशनला बारा वर्षं झालेला माणूस बेलापूर-वाशीत सहज मिळत नाही. मुलाखतीत तुम्हीही विचारा: माणशी दिवसाला किती बिलं, रात्रीचं कोण बघतं, आधीचा माणूस का गेला. नाहीतर पाटी बदलेल आणि टेबल तेच मिळेल.

मिस्टरांकडून तोवर सल्ल्याऐवजी हात मागा. नेमकं मागा: सोमवार, बुधवार, शुक्रवार रात्रीचं जेवण आणि मुलाचा अभ्यास त्यांच्याकडे. 'मदत कर' म्हटलं की दोन दिवस होते, वार ठरले की टिकते.

आणि मुलगा. तो रोज विचारतो, कारण उत्तर त्याला चेहऱ्यावर दिसतं आणि कारण दिसत नाही. मग मुलं कारण स्वतःतच शोधतात. 'नाही रे, कुठे रागावलेय' म्हणू नका, त्याला ते खोटं कळतं. 'दमलेय, ऑफिसचं आहे, तुझ्यामुळे मुळीच नाही. मला दहा मिनिटं दे,' असं सांगा. दहा मिनिटांत हातपाय धुवा, कपडे बदला, फोन चार्जिंगला स्वयंपाकघरात लावा. अकराव्या मिनिटाला मात्र त्याच्याजवळ जाऊन बसा.